मुशीतून आलेला नीलम

या महिन्याच्या टपालात माणिक आणि नीलम तापवण्याबद्दलचीच पत्रं जास्त होती. म्हणून पाचू आणि मोत्यांचे प्रश्न पुढच्या अंकात घेईन. पत्रं लांब असल्यामुळे त्यांतला मुद्दा तेवढा इथे दिला आहे.

प्रश्न : यजमानांनी मला नीलमची अंगठी घेतली. सोबत प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आहे. घरी येऊन वाचलं, तर वर 'नॅचरल सफायर' आणि शेवटी 'इंडिकेशन्स ऑफ हीटिंग' असं लिहिलेलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाले, 'सगळेच असे असतात.' खडा खोटा आहे का? त्या रात्री मला झोप लागली नाही.

उत्तर : ताई, खडा खरा आहे. 'नॅचरल सफायर' ही ओळ शेवटच्या ओळीने रद्द होत नाही. तो जमिनीत तयार झाला, खाणीतून निघाला, आणि पैलू पाडण्याच्या आधी कधीतरी भट्टीत गेला. दोन्ही ओळी एकाच वेळी खऱ्या आहेत.

माझ्या टेबलाच्या खणात एका कागदी पुडीत एकाच खड्याची दोन अर्धुकं आहेत. मी शिकत होते तेव्हा माझ्या गुरुजींनी श्रीलंकेचा एक कच्चा खडा मधोमध कापून घेतला. एक तुकडा तसाच ठेवला, दुसरा भट्टीवाल्याकडे दिला. न तापवलेला तुकडा भाताच्या पेजेसारखा आहे : पांढुरका, कडेला किंचित पिवळसर, दिव्यासमोर धरला तर धुकं भरल्यासारखा. दुसरा स्वच्छ निळा आहे. कापलेल्या बाजू जुळवल्या की एका कडेची खाच दुसऱ्या कडेच्या उंचवट्यात बरोबर बसते. पहिल्यांदा जुळवून पाहिले तेव्हा किती वेळ मी ते हातातून खाली ठेवलेच नव्हते. तो निळा रंग बाहेरून कुणी आत घातला नव्हता. तो त्या पेजेसारख्या तुकड्यातच होता, फक्त विखुरलेला होता.

हे कसं होतं, ते सांगते. माणिक आणि नीलम एकाच खनिजाचे, कुरुंदाचे, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. शुद्ध कुरुंदाला रंग नसतो. थोडं क्रोमियम मिसळलं की माणिक होतो. लोह आणि टायटेनियम एकमेकांशेजारी बसले की निळा रंग येतो, आणि त्यासाठी ते टक्क्याच्या शंभराव्या भागाइतके असले तरी पुरतात. ढगाळ खड्यात टायटेनियम असतं, पण ते रुटाइल या टायटेनियमच्या खनिजाच्या अतिबारीक सुयांमध्ये अडकलेलं असतं. या सुयांच्या जाळ्याला आम्ही 'रेशीम' म्हणतो. रेशमामुळे प्रकाश आत विखुरतो आणि खडा दुधट दिसतो. साधारण 1600 ते 1800 अंश सेल्सियसला या सुया कुरुंदात विरघळतात. मोकळं झालेलं टायटेनियम लोहाशेजारी जाऊन बसतं. धुकं जातं आणि निळा येतो, दोन्ही एकाच कारणाने. कुरुंद स्वतः वितळतो तो 2040 अंशांच्या आसपास, म्हणजे भट्टीवाल्याच्या हातात फार मोठं अंतर नसतं.

नुसत्या उष्णतेने मात्र भागत नाही. भट्टीत हवा कमी आणि इंधन जास्त असेल तर लोहाचं रूप बदलतं आणि निळा वाढतो. भरपूर हवा मिळाली तर उलट होतं : फार गडद निळा खडा उजळतो, माणकातली जांभळट झाक निघून जाते, फिक्या पुष्कराजाला, म्हणजे पिवळ्या नीलमाला, सोनेरी रंग चढतो. निवताना घाई केली तर खड्याला तडा जातो, फार सावकाश निवू दिलं तर विरघळलेलं रेशीम पुन्हा जमतं. आणि आत दुसऱ्या खनिजाचा कण असेल तर तो तापल्यावर फुगतो आणि भोवती गोल थाळीसारखी चीर पाडतो. भट्टीवाला खड्यात रंग ओततो, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तो तास न् तास ज्वाळेकडे बघत बसलेला असतो आणि मुशीत किती खडे शाबूत राहतील याची त्याला धास्ती असते.

ही विद्या जुनी आहे. तेराव्या शतकातल्या अल-तिफाशी या अरबी लेखकाने सिंहलद्वीपात माणिक कसे तापवतात ते लिहून ठेवलं आहे. श्रीलंकेत आजही कोळशाच्या निखाऱ्यात खडा ठेवून लांब फुंकणीने तोंडाने हवा देणारे कारागीर आहेत. त्या पद्धतीत उष्णता मध्यमच राहते, पण माणकातली निळसर छटा घालवायला तेवढी पुरते. मोठा बदल 1970च्या दशकात झाला. श्रीलंकेत दुधट खड्यांना 'गेउडा' म्हणतात. ते खाणीवर जवळजवळ कवडीमोलाने जात. थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते विकत नेले, जास्त उष्णतेच्या भट्ट्यांत घातले आणि त्यांतून उत्तम निळे नीलम बाहेर आले. विकणाऱ्यांना हे कळायला काही वर्षं लागली. तेव्हापासून थायलंडमधलं चांथाबुरी हे गाव या कामाचं जगातलं मोठं केंद्र झालं, आणि आज बाजारात येणारे बहुतेक नीलम आणि माणिक कधी ना कधी भट्टीतून गेलेले असतात.

तेव्हा 'सगळेच असे असतात' हे दुकानदारांचं म्हणणं जवळपास खरं आहे. पण ते त्यांनी पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. तसाच रंग, तसंच वजन आणि तशीच स्वच्छता असलेला न तापवलेला नीलम दुर्मीळ असतो आणि त्याची किंमत पुष्कळ जास्त असते. तुम्ही तापवलेल्या खड्याची किंमत दिली असेल तर व्यवहार सरळ झाला. न तापवलेल्याची दिली असेल तर पैसे परत मागायचा हक्क तुमचा आहे. बिलावर काय लिहिलं आहे ते पाहा. 'हीटेड' हा शब्द नसेल तर तो लिहून द्यायला सांगा. तो लिहिताना दुकानदाराचा हात अडखळला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालंच. अंगठी मात्र निःशंक मनाने घाला.

प्रश्न : तापवून आलेला रंग काही वर्षांनी उतरतो का?

उत्तर : नाही. नुसत्या उष्णतेने आलेला रंग टिकतो. ऊन, पाणी, साबण यांनी त्याला काही होत नाही. पिवळ्या खड्यांबाबत मात्र एक काळजी घ्या. काही पुष्कराजांना किरणोत्साराने रंग दिलेला असतो आणि तो उजेडात फिका होतो, कधीकधी काही तासांतच. शंका असेल तर विकत घेण्याआधी, विकणाऱ्याची परवानगी घेऊन, खडा दोन दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवा आणि त्याच छटेचा दुसरा खडा अंधारात ठेवून तुलना करा. आठवणीतल्या रंगाशी तुलना करू नका. डोळा आपल्याला पाहिजे तोच रंग आठवतो.

प्रश्न : मी दागिने दुरुस्तीचं काम करतो. एका गिऱ्हाइकाची माणकाची अंगठी सैल होती. माणिक उष्णता सोसतो म्हणून खडा न काढता वळं कापलं, झाळलं आणि आम्लात टाकलं. बाहेर काढलं तर लाल खड्यावर पांढऱ्या रेषांचं जाळं! गिऱ्हाईक म्हणतं, मी खडा बदलला. तीस वर्षं हे काम करतोय, असं कधी झालं नव्हतं. माझं काय चुकलं?

उत्तर : दादा, तुम्ही खडा बदललेला नाही हे मी न पाहता सांगू शकते, कारण ते जाळं मी पुष्कळदा पाहिलं आहे. तुमच्यासमोर जे आलं ते शिसं घातलेल्या काचेने भरलेलं माणिक होतं. तीस वर्षांपूर्वी ते बाजारात नव्हतं, त्यामुळे तुमच्या हाताला त्याची सवय असण्याचा प्रश्नच नव्हता.

असा माल 2004च्या सुमारास दिसू लागला आणि पहिला इशारा जपानी प्रयोगशाळेकडून आला. त्यासाठी निवडतात ते खडे इतके चिरलेले आणि अपारदर्शक असतात की पूर्वी कुणी पैलू पाडायलाही घेतले नसते. मादागास्करच्या अंदिलामेनाच्या खाणींतून असा माल भरपूर निघाला. आधी आम्लाने चिरांतली घाण काढतात. मग शिशाच्या काचेची भुकटी लावून साधारण 900 अंशांवर तापवतात. काच पातळ होऊन प्रत्येक चिरेत झिरपते. साध्या काचेत आणि माणकात प्रकाश वेगवेगळा वाकतो, म्हणून साध्या काचेने भरलेली चीर दिसते. शिसं मिसळल्यावर काच जवळपास माणकाइतकाच प्रकाश वाकवते, आणि चीर डोळ्यांआड होते. खडा एका रात्रीत पारदर्शक होतो.

पण ती काच काचच राहते. टॉर्चच्या ज्वाळेने ती घामासारखी वर येते, आम्लात विरघळते. मी स्वतः एक खडा वाटीभर लिंबाच्या रसात ठेवून पाहिला होता. काही दिवसांनी काढला तेव्हा पृष्ठभागाला येणाऱ्या प्रत्येक चिरेच्या तोंडावर पांढरी रेघ उमटली होती, तुम्ही पाहिलीत तशीच. म्हणजे हा खडा स्वयंपाकघरातही सुरक्षित नाही. तुमच्या आम्लात तर तो टिकण्याची आशाच नव्हती.

यापुढे कुठलाही लाल खडा ज्वाळेजवळ नेण्याआधी दोन मिनिटं भिंगाखाली बघा. दहा पट भिंग पुरतं. खडा एका दिव्याखाली अगदी हळू फिरवा. आतल्या चिरेवरून प्रकाश सरकताना निळी चमक दिसली, पेट्रोल सांडलेल्या पाण्यावर दिसते तशी, आणि जरा फिरवल्यावर ती नारिंगीकडे झुकली, तर तिथेच थांबा. मग चिरांत बुडबुडे शोधा. ते गोल किंवा चपटे असतात, दोन काचांमध्ये साबणाचं पाणी दाबल्यावर दिसतात तसे. शेवटी पैलूवर दिव्याचं प्रतिबिंब घ्या. माणकाचा भाग लखलखीत दिसेल आणि भरलेल्या चिरेची रेघ त्यात मंद पडेल. तिन्ही खुणा पाहायला सरावलात की खड्यामागे अर्धा मिनिट लागतो.

एक फरक मात्र लक्षात ठेवा, नाहीतर भिंगाखाली काच दिसली की प्रत्येक माणिक टाकाऊ वाटायला लागेल. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला म्यानमारच्या मोंग सू भागातून माणिक येऊ लागले. त्यांच्या पोटात काळसर निळा गाभा असे आणि अंगभर बारीक चिरा. तापवल्यावर गाभा निघून जाई. तापवताना टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, वापरत. टाकणखार चिरेच्या भिंतींवरचा थोडासा कुरुंद विरघळवून घेतो आणि निवताना तोच कुरुंद पुन्हा चिरेत बसवतो, त्यामुळे चीर बऱ्याच अंशी खरोखर सांधली जाते. काही काच आत उरते आणि प्रमाणपत्रावर ती थोडी, मध्यम की जास्त असं नोंदवतात. हे माणिक शिशाच्या काचेने भरलेल्या खड्यापेक्षा पुष्कळ टिकाऊ असतात. तरीही ज्वाळेखाली नेताना खडा काढूनच काम केलेलं बरं. तुमच्या धंद्यात झाळायचा टाकणखार रोज हाताशी असतो. तो तापलेल्या माणकाला लागला तर पैलूवर व्रण उठू शकतात, हेही ध्यानात असू द्या.

गिऱ्हाइकाला आता काय सांगायचं? खडा कुठल्याही रत्नप्रयोगशाळेत पाठवा. चिरांत शिशाच्या काचेचे अवशेष आहेत असा अहवाल येईल आणि खडा बदलला नाही हे त्यातून सिद्ध होईल. तो घेऊन गिऱ्हाइकाबरोबर बसा. गिऱ्हाइकाला ज्याने 'माणिक' एवढंच सांगून हे विकलं, त्याच्याकडे दोघांनी मिळून जायला हवं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2018च्या मार्गदर्शक नियमांत, शिशाच्या काचेचं प्रमाण मोठं असलेल्या खड्याला नुसतं 'माणिक' म्हणणं ही ग्राहकाची दिशाभूल ठरवली आहे. मला ते पूर्ण पटतं. तापवलेला माणिक आणि काचेने उभा धरलेला माणकाचा चुरा यांना एकच नाव देणं मला सहन होत नाही, कारण त्याची शिक्षा शेवटी तुमच्यासारख्या प्रामाणिक कारागिराला भोगावी लागते.

प्रश्न : आजीचा एक घुमटाकार, दुधट निळसर नीलम घरात आहे. मुलाकडे मातीची भांडी भाजायची विजेची भट्टी आहे, 1200 अंशांपर्यंत जाते. तिच्यात ठेवून तो स्वच्छ करता येईल का?

उत्तर : कृपा करून ठेवू नका. रेशीम पुरतं विरघळायला ती उष्णता अपुरी आहे, पण आतल्या कणांभोवती चिरा पडायला मात्र पुरेशी आहे. दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. खडा घुमटाकार का केला असेल, याचा विचार करा. खोलीतले दिवे मालवा आणि मोबाइलचा टॉर्च बरोबर वरून धरा. घुमटावर सहा किरणांचा तारा उमटला तर तुमच्या घरात तारांकित नीलम आहे. तो तारा ज्या सुयांमुळे दिसतो, त्याच सुया तुम्ही विरघळवायला निघाला आहात. तारा दिसला तर मला जरूर कळवा.

प्रश्न : मॅडम, मी रत्नशास्त्राचा अभ्यास करतोय. काही अहवालांत नुसतं 'हीटेड' असतं, काहींत 'बेरिलियम' किंवा 'डिफ्युजन' असं लिहिलेलं असतं. दोन्ही खडे भट्टीतूनच आले ना? मग इतका भेद का?

उत्तर : नेमका प्रश्न विचारलास. मुशीत खड्याबरोबर दुसरं काय होतं, यावर सगळं ठरतं.

नुसत्या उष्णतेत खड्यातलेच घटक जागा बदलतात. डिफ्युजनमध्ये बाहेरचा घटक आत शिरतो. आधी टायटेनियम वापरत. त्याचा अणू मोठा, त्यामुळे तो फार आत जाऊ शकत नाही. निळा थर मिलिमीटरच्या लहानशा भागापुरताच राहतो आणि पुन्हा पॉलिश केलं की फिका पोटभाग उघडा पडतो. असा खडा द्रवात बुडवून पांढऱ्या उजेडावर धर. मिथिलीन आयोडाइड उत्तम, पण सुरुवातीला ग्लिसरीनसुद्धा चालेल. पैलूंच्या कडा गडद रेघांसारख्या उठून दिसतात, जणू कुणी निळ्या पेनने खड्याची आकृती काढली आहे. एकदा पाहिलंस की विसरणार नाहीस.

बेरिलियमने हा सोपेपणा घालवला. 2001मध्ये बाजारात अचानक नारिंगी-गुलाबी रंगाच्या खड्यांचा पूर आला. मालाबरोबर सांगितलं जाई, 'फक्त तापवले आहेत.' जानेवारी 2002मध्ये अमेरिकेच्या रत्नव्यापारी संघटनेने सावध केलं. नंतर उलगडलं ते असं : मुशीत क्रायसोबेरिल हे बेरिलियमयुक्त खनिज होतं. बेरिलियमचा अणू इतका लहान की खूप वेळ खूप उष्णता दिली की तो खड्याच्या थेट गाभ्यापर्यंत पोचतो. दहा लाखांत दहा-वीस भाग गेले तरी फिका गुलाबी खडा नारिंगी होतो आणि काळपट निळा उजळतो. काही खड्यांच्या कडेला पिवळा-नारिंगी पट्टा दिसतो, तो द्रवात बुडवून सापडतो. रंग आरपार गेला असेल तर सूक्ष्मदर्शक हात टेकतो. मग लेसरने अगदी सूक्ष्म कण उडवून त्यातले घटक मोजणारी यंत्रं लागतात. काही नैसर्गिक खड्यांतही थोडं बेरिलियम असतं, त्यामुळे नुसता आकडा बघून भागत नाही, बरोबरचे घटकही पाहावे लागतात.

त्या काळातली एक गोष्ट मला अजून बोचते. एका व्यापाऱ्याने असा एक खडा माझ्याकडे तपासायला आणला होता. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तापवल्याच्या खुणा दिसल्या, तसं लिहून दिलं. कडेचा पट्टा पाहायला मी खडा द्रवात बुडवला नव्हता, कारण तेव्हा तसं पाहायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. वर्षभराने तोच खडा दुसरीकडून बेरिलियमचा अहवाल घेऊन परत आला. मी त्या व्यापाऱ्याला फोन करून चूक कबूल केली आणि नवा अहवाल दिला. तेव्हापासून नारिंगी किंवा पिवळा खडा आला की आधी द्रवाची वाटी काढते, मग सूक्ष्मदर्शक. तूही हाच क्रम ठेव.

प्रश्न : मला एक न तापवलेला नीलम घ्यायचा आहे. विकणारे म्हणतात 'अनहीटेड', पण ओळखायचं कसं? घरी बघण्यासारखी पक्की खूण आहे का?

उत्तर : घरच्या भिंगाने पक्का निकाल लागत नाही, हे आधी सांगते. त्यामुळे किंमत मोठी असेल तर नावाजलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल हवाच, आणि तो खडा कोंदणाबाहेर असताना केलेला. अहवालाचे शब्द लक्षपूर्वक वाचा. 'नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग' म्हणजे तापवल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. साधारण हजार अंशांखाली तापवलेल्या खड्यांत खुणा फार पुसट असतात, रेशीमही बरंचसं जसंच्या तसं राहतं, म्हणून प्रयोगशाळा असे सावध शब्द वापरतात. मोझांबिकच्या मोंतेप्वेझचे माणिक अशा सौम्य उष्णतेने पुष्कळ तापवले जातात आणि तिथे इन्फ्रारेड यंत्राशिवाय बोलणं धाडसाचं आहे. काश्मीरचा उल्लेख झाला तर आणखी जपून राहा. पाडरच्या त्या खाणी 1881च्या आसपास दरड कोसळून उघड्या पडल्या, काही वर्षांतच त्यांचा उत्तम माल संपला, आणि मखमली निळ्या खड्याला काश्मीरचं नाव चिकटवण्याचा मोह तेव्हापासून कुणाला सुटलेला नाही.

तरी भिंगातून काय पाहायचं, ते सांगते. न तापवलेल्या खड्यात रेशमाच्या सुया लांब, सलग आणि टोकदार असतात, तीन दिशांना गेलेल्या, एकमेकींना 60 अंशांच्या कोनात छेदणाऱ्या. उजेड तिरका पडला की त्या इंद्रधनुषी चमकतात. जास्त तापवलेल्या खड्यात त्याच सुयांच्या जागी ठिपक्यांच्या तुटक ओळी उरतात. पाऊस थांबल्यावर तारेवर थेंब लटकतात, तशा. कणांभोवती गोल थाळीसारख्या चिरा, वितळून गोळा झालेले पांढरे कण, पैलूंच्या मध्ये पॉलिश करायचा राहून गेलेला खडबडीत, वितळल्यासारखा डाग : यांपैकी काही दिसलं तर 'अनहीटेड' शब्दावर विश्वास ठेवू नका.

आणि एक खूण अशी आहे की ती सापडली तर माझा दिवस चांगला जातो. काही नीलमांत, विशेषतः श्रीलंकेच्या, स्फटिकाच्याच आकाराची बारीक पोकळी असते. तिच्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, थोडा द्रव आणि थोडा वायू, आणि त्या द्रवात वायूचा बुडबुडा हलताना दिसतो. असा खडा भट्टीत गेला तर आतला दाब इतका वाढतो की पोकळी फुटते. म्हणून ती शाबूत दिसली की खडा भट्टीत गेलेला नाही, असं मी निर्धास्तपणे म्हणते. 31 अंश सेल्सियसला हा द्रव आणि वायू एक होतात. म्हणून खोली गार असेल तेव्हाच बघा. सूक्ष्मदर्शकाखाली बुडबुडा शोधा आणि मग खड्याला बोटाची ऊब द्या. बुडबुडा आक्रसत जातो आणि दिसेनासा होतो. बोट काढून थोडं थांबा. खडा गार झाला की पोकळीत क्षणभर उकळी आल्यासारखी खळबळ होते आणि बुडबुडा परत येतो.